इंजिन गेलं की लगेच काय करायचं आणि काय थांबवून ठेवायचं: सेसना १७२ ते ए ३२०

विमाननगर_२८ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचा परवाना) एका इंजिनाच्या सेसना १७२ वर झालं, आता दोन इंजिनांच्या ए ३२० चं टाइप रेटिंग (त्या विमानासाठीचं प्रशिक्षण) सुरू होतंय. एका मुद्द्यावर अडलोय.

सेसनावर शिकवलं की इंजिन बंद पडलं तर त्याच क्षणी नाक खाली, ग्लाइड स्पीड, शेत निवड, मग रीस्टार्ट. इथे उलटंच ऐकतोय: व्ही-वनला (ज्या वेगानंतर टेक-ऑफ थांबवायचा नसतो) इंजिन गेलं तरी ४०० फुटांपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. आग लागली असली तरीसुद्धा! खाली बेल वाजतेय, लाल दिवा पेटलाय आणि आपण फक्त गिअर (चाकं) वर घेऊन बसायचं, हे पटायला जड जातंय.

दुसरं म्हणजे मेमरी आयटम (न वाचता करायच्या कृती) नेमके किती पाठ हवेत आणि चेकलिस्ट कुठून सुरू होते? तिसरं, एटीसीला (हवाई वाहतूक नियंत्रणाला) कधी आणि काय सांगायचं? लोहगावला टॉवर हवाई दलाचा आहे, त्यामुळे काही फरक पडतो का?

जाणकारांनी सविस्तर सांगावं ही विनंती.

---

डावी_सीट

प्रश्न चांगला आहे, कारण बहुतेक जण पायऱ्या पाठ करतात आणि त्यामागचं घड्याळ समजून घेत नाहीत. कुठलाही बिघाड आला की पहिला प्रश्न हाच: माझ्याकडे वेळ किती आहे? काही ठिकाणी सेकंद असतात, काही ठिकाणी पंधरा-वीस मिनिटं, आणि काही ठिकाणी तासभर. सेकंदांच्या प्रसंगासाठी मेमरी आयटम. बाकी सगळ्यासाठी वाचून काम.

आधी ४०० फुटांचं. व्ही-वनला एक इंजिन गेलं की विमान मेलेल्या इंजिनाच्या बाजूला वळू लागतं. त्या क्षणी काम एकच, रडरने सेंटरलाइन धरणं. रोटेशन (नाक उचलणं) घाई न करता, नेहमीपेक्षा थोडं सावकाश. ए ३२० ला नाक साधारण १२.५ अंशांवर न्यायचं, मग एसआरएसचा बार (नाक किती वर ठेवायचं ते दाखवणारी रेषा) पाळायचा. पीएफडीवर (समोरच्या मुख्य स्क्रीनवर) साइडस्लिपची खूण निळी होते, तिला बीटा टार्गेट म्हणतात. ती रडरने मध्ये आणायची. पॉझिटिव्ह क्लाइंब, गिअर अप, वॉर्निंगचा आवाज बंद. बस्स.

या पंधरा-वीस सेकंदांत चुकीचा लिव्हर ओढला गेला तर परत यायला उंचीच नसते. आगीचं म्हणाल, तर इंजिन पंखाखाली लटकलेलं असतं, मध्ये फायरवॉल असते आणि ती आग त्या काही सेकंदांत विमान पाडत नाही. वेग आणि दिशा सुटली तर मात्र विमान नक्की पडतं. म्हणून आधी मार्ग स्थिर, मग ४०० फुटांवर पीएफ (उडवणारा वैमानिक) 'ईकॅम ॲक्शन्स' म्हणतो आणि पीएम (दुसरा वैमानिक) ईकॅमवरची, म्हणजे बिघाड आणि त्यावरच्या कृती दाखवणाऱ्या स्क्रीनवरची, यादी वाचायला लागतो.

आगीचा क्रम हवेत असा: त्या बाजूचा थ्रस्ट लिव्हर आयडल, इंजिन मास्टर ऑफ, फायर पुशबटन दाबा, १० सेकंद थांबून पहिली बाटली, आणखी ३० सेकंदांनी आग कायम असेल तर दुसरी. ते १० सेकंद उगाच नाहीत. इंजिनातून वाहणारी हवा कमी झाली की विझवणारा वायू तिथे टिकतो; आधीच सोडला तर मागून निघून जातो.

लिव्हर, मास्टर आणि फायर बटन यांना हात लावताना दोघांनी बघून, बोट ठेवून, तोंडाने 'कन्फर्म' म्हणणं सक्तीचं. ८ जानेवारी १९८९ ला ब्रिटनमध्ये केगवर्थजवळ ७३७-४०० पडलं, ४७ जण गेले. डाव्या इंजिनाचं पातं तुटलं होतं, बंद केलं गेलं उजवं. ४ फेब्रुवारी २०१५ ला तैपेईत एटीआर ७२ च्या दोन नंबरच्या इंजिनाची शक्ती गेली आणि वैमानिकाने चांगलं चालणारं एक नंबरचं इंजिन मागे ओढलं. ४३ जण गेले. दोन्ही ठिकाणी उडता येईल असं एक इंजिन शिल्लक होतं. हे दोन्ही चौकशी अहवाल मिळवून वाचाच.

आता पुण्याचा मुद्दा, कारण इथे हा हिशेब कागदावरचा राहत नाही. लोहगावची उंची साधारण १,९४० फूट. एप्रिलमध्ये पारा ४० वर गेला की प्रमाण तापमानापेक्षा २९ अंश जास्त होतात, आणि डेन्सिटी अल्टिट्यूड ५,४०० फुटांच्या आसपास येते. म्हणजे विमानाला वाटतं की ते महाबळेश्वरपेक्षाही उंचावरून उडतंय. दोन इंजिनांच्या विमानाला एका इंजिनावर, गिअर वर घेतल्यानंतर किमान २.४ टक्के चढ लागतो: शंभर मीटर पुढे गेल्यावर २.४ मीटर वर. तो मिळावा म्हणूनच दुपारच्या फ्लाइटला वजन कापावं लागतं. प्रवाशांना ते अन्यायाचं वाटतं, पण ती कपात नेमकी याच एका इंजिनासाठी असते.

आणि व्ही-वनच्या आधी? एअरबसला १०० नॉट्सपर्यंत बहुतेक कुठल्याही इशाऱ्याला थांबायचं. १०० ते व्ही-वन फक्त मोठ्या कारणासाठी: आग, मोठं नुकसान, अचानक गेलेला थ्रस्ट, किंवा विमान सुरक्षित उडणार नाही अशी खात्री. थांबण्याचा निर्णय कॅप्टनचा, म्हणून टेक-ऑफला थ्रस्ट लिव्हरवर हात त्याचाच. व्ही-वन कॉल झाला की तो हात काढून घेतात; मोह नको म्हणून.

१५ फेब्रुवारी २०२० ला पुण्याहून दिल्लीला निघालेल्या ए ३२१ समोर रनवेवर जीप आणि माणूस दिसला. वेग १२० नॉट्सच्या वर होता. वैमानिकांनी लवकर रोटेट केलं, शेपटीचा भाग घासला, पण विमान दिल्लीला सुखरूप उतरलं. समोर अडथळा आणि ब्रेक पुरणार नाहीत, अशा क्षणी कुठलीही चेकलिस्ट मदतीला येत नाही. म्हणून टेक-ऑफ ब्रीफिंगमध्ये 'थांबू कशासाठी, जाऊ कशासाठी' हे मोठ्याने बोलून ठेवायचं असतं.

---

ऊस_आणि_आकाश

कॅप्टन साहेबांशी सहमत, फक्त सेसनाची बाजू मांडतो, कारण सीपीएलची मुलं ते '४०० फूट काही करू नका' उचलतात आणि सिंगल इंजिनला लावतात. तिथे ते जीवघेणं आहे. ए ३२० कडे दुसरं इंजिन चढ देतंय. आपल्याकडे फक्त उंची आणि वेग.

१७२ एस घ्या. टेक-ऑफनंतर लगेच इंजिन गेलं तर फ्लॅप वर असताना ७० नॉट्स, खाली असताना ६५. नाक खाली ढकलावं लागतं, नुसतं सैल सोडून पुरत नाही. चढताना नाक वर असतं आणि वेग दोन-तीन सेकंदांत ओसरतो. मग मिक्श्चर (इंधन-हवेचं मिश्रण) कट-ऑफ, फ्युएल शटऑफ ओढा, इग्निशन ऑफ, फ्लॅप लागतील तसे आणि शक्यतो पूर्ण, मास्टर (विजेचा मुख्य स्विच) ऑफ, दार उघडून ठेवा. मास्टर फ्लॅपच्या नंतर, कारण फ्लॅप विजेवर चालतात! हा क्रम उलटा करणारे बरेच.

परत वळायचं नाही. समोर, दोन्ही बाजूंना ३० अंशांच्या आत जे असेल ते. परत यायचं तर १८० अंश पुरत नाहीत, रनवेच्या रेषेवर यायला २२० च्या आसपास लागतात. ४५ अंश बँक केली तर स्टॉल स्पीड (ज्याखाली पंख विमान पेलत नाहीत) १९ टक्के वाढतो, म्हणजे ४८ चा ५७ होतो, आणि घाबरलेला माणूस जमीन जवळ दिसली की स्टिक ओढतो. वर उलट वारा. १० नॉट्सचा समोरचा वारा आता पाठीमागून येतो: ५५ ऐवजी ७५ नॉट्स ग्राउंडस्पीडने टेकाल, ऊर्जा जवळजवळ १.९ पट. हजार फुटांच्या वर असाल, सराव केलेला असेल, तर विचार करा. त्याखाली नको.

उंचीवर असाल तर वेळ आहे. १७२ एस चा बेस्ट ग्लाइड ६८ नॉट्स. हजार फुटांना साधारण दीड नॉटिकल मैल. जमिनीपासून ३,००० फुटांवर म्हणजे वारा नसताना आठेक किलोमीटर आणि चार मिनिटं. ट्रिम करा, शेत निवडा, त्याच्याकडे वळा, मगच रीस्टार्ट: शटऑफ आत, सिलेक्टर बोथ, ऑक्झिलरी पंप ऑन, मिक्श्चर रिच, इग्निशन बोथ. जुन्या १७२ एन किंवा पी वर असाल तर सगळ्यात आधी कार्ब हीट (कार्ब्युरेटरमध्ये गरम हवा सोडणारा नॉब). पावसाळ्यात आपल्याकडे २२ ते २६ अंश आणि दमट हवा असते; पॉवर कमी करून उतरताना कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरायला ते भरपूर झालं. 'पुण्यात कुठला बर्फ' म्हणून कार्ब हीट न ओढणारे पुष्कळ. आरपीएम हळूहळू पडतो, मग इंजिन खडखडतं. कार्ब हीट ओढल्यावर बर्फ वितळून आणखी खडखडतं, तेव्हा घाबरून परत आत ढकलू नका. पूर्ण बाहेरच ठेवा.

शेत कसं निवडायचं हे कुठल्याच परदेशी मॅन्युअलमध्ये नाही, म्हणून लिहितो. बारामती, इंदापूर, दौंड पट्ट्यात वरून सगळ्यात हिरवंगार आणि सपाट दिसतो तो उभा ऊस. तो माणसापेक्षा उंच असतो. त्याच्या शेंड्याला जमीन समजून फ्लेअर (टेकण्याआधी नाक उचलणं) केलात तर चाकं अडकून विमान उलथतं. काढणी झालेलं ज्वारी-बाजरीचं रान किंवा माळरान उत्तम. नांगरलेलं असेल तर सरीच्या दिशेने उतरा, आडवं नको. पावसानंतर काळ्या रानात नोजव्हील रुततं, तिथे माती लाल-मुरमाड दिसेल तो तुकडा बघा. तारा दिसत नाहीत, खांब दिसतात. दोन खांब दिसले की मध्ये तार आहे असंच धरा. विहिरी आणि बांध २०० फुटांच्या खाली आल्यावरच दिसतात, म्हणून पहिल्या शेताला शेजारचं दुसरं जोडून ठेवा. गळीत हंगामात साखर कारखान्याच्या धुराड्यासारखा वारा दाखवणारा दुसरा कोणी नाही.

हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरला विंच लाँचवर केबल तुटली तर काय करतात ते एकदा जाऊन बघा. नाक खाली, वेग आला का बघ, केबलचा उरलेला तुकडा सोड, मगच समोर की वळण हा निर्णय. सेसनाचंही सूत्र तेच.

---

विमाननगर_२८

खूप खूप आभार दोघांचेही. कार्ब हीटचं खडखडणं मला कुणी इतकं स्पष्ट सांगितलं नव्हतं. कॅप्टन सर, मेमरी आयटमचं राहिलं. आणि केबिन प्रेशर गेलं तर मास्क आधी की डिसेंट आधी?

---

डावी_सीट

मास्क आधी. नेहमी. ३५,००० फुटांवर शुद्ध आणि समज टिकते ती ३० ते ६० सेकंद, आणि समज जातेय हे त्या माणसाला कळत नाही. मास्क, मग दोघांचं इंटरकॉमवर बोलणं चालू आहे याची खात्री, मग डिसेंट: उंचीचा नॉब फिरवा, हेडिंग (दिशा), थ्रस्ट आयडल, स्पीडब्रेक पूर्ण. विमानाला भोक किंवा तडा गेल्याची शंका असेल तर वेग वाढवायचा नाही. केबिनला घोषणा, ७७०० (ट्रान्सपॉन्डरवरचा इमर्जन्सी कोड), एटीसी. खाली १०,००० फूट, किंवा तिथल्या डोंगरांवरची किमान उंची, दोन्हींत जी जास्त ती. महाराष्ट्रात कळसूबाईच १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट, त्यामुळे सरळ १०,००० गाठता येतात. लेहच्या मार्गावर तसं नाही. तिथे प्रवाशांच्या मास्कचा ऑक्सिजन साधारण १२ ते १५ मिनिटांचा आणि खाली शिखरं, म्हणून सुटकेचा मार्ग जमिनीवर असतानाच आखलेला असतो.

१४ ऑगस्ट २००५, हेलिओसचं ७३७, १२१ जण गेले. प्रेशरायझेशनचा स्विच मॅन्युअलवर राहिला होता. केबिन अल्टिट्यूडचा भोंगा वाजला. तोच भोंगा जमिनीवर टेक-ऑफ कॉन्फिगरेशनसाठीही वाजतो, आणि क्रूला तो तसाच वाटला. ते कारण शोधत राहिले. हवेत तो भोंगा वाजला तर आधी मास्क लावायचा, कारण नंतर शोधता येतं.

ए ३२० वर पाठ हवेत ते असे: इमर्जन्सी डिसेंट, स्टॉल रिकव्हरी, अनरिलायबल स्पीड, विंडशिअर (वाऱ्याचा अचानक बदल), टीकॅस (दुसऱ्या विमानाशी टकरीचा इशारा), जीपीडब्ल्यूएस (जमीन जवळ आल्याचा इशारा) आणि ब्रेक जाणं. इंजिन फायर यात नाही, ती ईकॅमवरून वाचून होते. ७३७ वर मात्र ती पाठ हवी. त्यामुळे दुसऱ्या विमानावरच्या मित्राच्या नोट्स घेऊ नका.

अनरिलायबल स्पीड झोपेतून उठवलं तरी यायला हवं. ऑटोपायलट, फ्लाइट डायरेक्टर, ऑटोथ्रस्ट तिन्ही बंद. थ्रस्ट रिडक्शनच्या (जिथे टेक-ऑफचा थ्रस्ट कमी करतात त्या उंचीच्या) खाली नाक १५ अंश आणि टोगा (पूर्ण थ्रस्ट). त्यावर १०,००० फुटांपर्यंत १० अंश आणि क्लाइंब. त्याहून वर ५ अंश आणि क्लाइंब. फक्त उड्डाणालाच धोका वाटत असेल तर हे करा. क्रूझला सगळं शांत असेल तर जी पिच आणि थ्रस्ट होती तीच धरून टेबल काढा. १ जून २००९ ला अटलांटिकवर एअर फ्रान्स ४४७ मध्ये वेगाचं वाचन थोडा वेळच गेलं होतं. नाक वर ओढलं गेलं, स्टॉल झाला आणि नाक खाली करून तो मोडला गेला नाही. स्टॉलमध्ये आधी नाक खाली, थ्रस्ट नंतर आणि हळू.

घड्याळाचं पुन्हा सांगतो, कारण सिममध्ये सगळ्यात जास्त चूक इथेच होते. क्वांटास ३२ (४ नोव्हेंबर २०१०, सिंगापूर) मध्ये इंजिन फुटून इतके इशारे आले की ईकॅम संपवायला जवळपास ५० मिनिटं लागली. विमान उडत होतं, इंधन होतं, त्यांनी वेळ घेतला, बरोबर केलं. उलट स्विसएअर १११ (२ सप्टेंबर १९९८) मध्ये कॉकपिटला वास आल्यापासून विमान समुद्रात पडेपर्यंत फक्त २१ मिनिटं. धूर असेल आणि उगम हाताने विझवता आला नसेल तर नाक जवळच्या विमानतळाकडे, चेकलिस्ट वाटेत. न्यूयॉर्कच्या हडसन नदीवर उतरलेल्या यूएस एअरवेज १५४९ ला पक्षी धडकल्यापासून पाणी लागेपर्यंत साडेतीन मिनिटं होती. दोन्ही इंजिनांची यादी तीन पानी आणि ती मोठ्या उंचीसाठी लिहिलेली. कॅप्टनने एपीयू (वीज देणारं शेपटीतलं छोटं इंजिन) सुरुवातीलाच चालू केला, यादीत तो खूप खाली होता. वीज टिकली म्हणून विमानाची संरक्षणं टिकली.

आणि वेळ आहे म्हणून कुणी एकाने उडवणं सोडायचं नाही. २९ डिसेंबर १९७२ ला ईस्टर्न ४०१ मध्ये सगळे नोज गिअरच्या एका बल्बभोवती गुंतले, ऑटोपायलटची उंची सुटली, ते कुणी पाहिलं नाही. बिघाड वाचायला सुरू करण्याआधी मोठ्याने म्हणा: 'माझ्याकडे कंट्रोल आणि रेडिओ, तू ईकॅम'.

---

स्ट्रिप_बोर्ड

एटीसीचं मी सांगते. टॉवर हवाई दलाचा असला तरी शब्द आणि पद्धत तीच. लोहगावचा खरा फरक वेगळा आहे: वाहतुकीला एकच रनवे, त्यावर लढाऊ विमानंही. तुम्ही टायर फुटून किंवा स्टीअरिंग नसताना उतरणार असाल तर रनवेवरच थांबाल. ते आधी कळलं तर मागच्यांना आम्ही इंधन असतानाच मुंबईला किंवा दुसरीकडे वळवू शकतो, आणि हवेतली लढाऊ विमानं आधी उतरवून घेऊ शकतो. 'रनवे मोकळा करू शकणार नाही' हे पाच शब्द बहुतेक वैमानिक विसरतात.

कॉल उशिरा करा, पण पूर्ण शब्दांत करा. मेडे तीनदा (जिवाला धोका) किंवा पॅन पॅन तीनदा (तातडी, पण जिवाला लगेच धोका नाही), कॉलसाइन, काय झालंय, काय करणार, कुठे आहात आणि उंची. 'एक छोटा टेक्निकल प्रॉब्लेम आहे' म्हणालात तर तुम्हाला रांगेत पाचवा नंबर मिळेल, कारण आमच्या लेखी तो प्रॉब्लेम नाही. मेडे म्हटल्याने कुणी शिक्षा करत नाही, आणि नंतर ती मागे घेता येते. हात रिकामे नसतील तर 'मेडे, स्टँडबाय' एवढंही पुरतं. बाकीचे गप्प बसतील.

आम्ही विचारू: विमानात माणसं किती, इंधन किती, धोकादायक माल आहे का. ते अग्निशमन दलासाठी असतं. उत्तर द्यायला वेळ नसेल तर 'स्टँडबाय' म्हणा, राग नाही. इंधन मिनिटांत सांगा आणि किलोतही; मिनिटं मला लागतात, किलो फायरवाल्यांना.

इंधनाचे दोन कॉल वेगळे. 'मिनिमम फ्युएल' म्हणजे आणखी उशीर झाला तर राखीव साठ्यात हात घालावा लागेल. याने प्राधान्य मिळत नाही. 'मेडे फ्युएल' म्हणजे जवळच्या योग्य विमानतळावर उतरताना अंतिम राखीव, जेटसाठी ३० मिनिटांचा, शिल्लक राहणार नाही. याने मिळतं. पहिलं म्हणून दुसऱ्याची अपेक्षा ठेवू नका.

रेडिओच गेला तर ट्रान्सपॉन्डरवर ७६०० आणि टॉवरच्या दिव्याकडे बघा. स्थिर हिरवा, उतरा. लुकलुकता हिरवा, उतरायला परत या. स्थिर लाल, दुसऱ्याला वाट द्या आणि फिरत राहा. लुकलुकता लाल, विमानतळ सुरक्षित नाही, उतरू नका.

---

हँगर_नंबर_दोन

उतरल्यानंतरचं कुणीच लिहिलं नाही, म्हणून थोडक्यात.

ए ३२० ला इंधन सोडून देता येत नाही. लगेच परत आलात तर जादा वजनाने उतराल, आणि खरी इमर्जन्सी असेल तर ते चालतं. मर्यादेतल्या वजनाला विमानाची रचना मिनिटाला ६०० फुटांच्या आपटीसाठी असते, कमाल टेक-ऑफ वजनाला ३६० च. म्हणून सावकाश टेकवा आणि लॉगबुकमध्ये 'ओव्हरवेट लँडिंग' वजन आणि उतरण्याचा दर यांसह लिहा. न लिहिल्यास तपासणी होत नाही आणि पुढचा क्रू तेच विमान घेऊन जातो.

मोठ्या वेगात टेक-ऑफ सोडून दिला तर ब्रेकचं तापमान थांबल्यानंतरही काही मिनिटं चढत राहतं. चाकातले फ्युज प्लग वितळून टायर बसतात. टायर फुटू नये म्हणूनच ते असतात. चॉक लागले की पार्किंग ब्रेक सोडा. माणसांनी चाकाजवळ पुढून किंवा मागून जावं, बाजूने नाही, रिम फुटली तर तुकडे बाजूला उडतात. इंजिनातून धूर येत असेल तर त्या बाजूची दारं उघडू नयेत हे केबिनला स्पष्ट सांगा.

आणि घटना गंभीर असेल तर इंजिन बंद झाल्यावर व्हॉइस रेकॉर्डरचा सर्किट ब्रेकर ओढायला सांगा. बऱ्याच विमानांत तो दोनच तास साठवतो. वीज चालू राहिली तर जेवढा वेळ तुम्ही फॉर्म भरत बसाल तेवढी नोंद पुसली जाते.